फ्लुरोमीटर वापरून नऊ महिने झाले: मशीन ठेवा, पण ते झाकण बदला

गोव्यात वेर्ण्याच्या औषध कारखान्यात मी क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. बी-कॉम्प्लेक्स गोळ्यांतलं रायबोफ्लेविन (जीवनसत्त्व बी-२) मोजायला आम्ही फ्लुरोमीटर घेतला, म्हणजे प्रकाश टाकल्यावर पदार्थ किती चमकतो ते मोजणारं यंत्र; ट्रेमधले नमुने आपोआप उचलणारा ऑटोसॅम्पलर असलेला. पहिले तीन महिने मी ज्याला त्याला त्याचं कौतुक सांगत होते. कारण एकच, ब्लँक, म्हणजे रायबोफ्लेविन सोडून बाकीची चमक. ४४४ नॅनोमीटरचा प्रकाश टाकून ५३० ला रीडिंग घ्यायचं, मग सोडियम हायड्रोसल्फाइट घालून रायबोफ्लेविनची चमक मारायची आणि उरलेलं वजा करायचं. पूर्वी हे हाताने, चिमटीचिमटीने व्हायचं, गंधकाचा वास दिवसभर नाकात बसायचा. आता मशीन करतं. हायड्रोसल्फाइटचं द्रावण मात्र रोज ताजंच करा, हवेत ते टिकत नाही.

पावसाळ्यात घोळ सुरू झाला. ट्रेमधली पहिली व्हायल (नमुन्याची छोटी बाटली) लेबलवरच्या मात्रेच्या १०३ टक्के, शेवटची ९१. बॅच तीच. ओओएस, म्हणजे मर्यादेबाहेरच्या निकालाची चौकशी, उघडला. सर्व्हिसवाल्यांनी फोनवरच सांगून टाकलं, झेनॉन दिवा गेला, आणि दिवा एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) येत नाही. मुंबईहून इंजिनिअर आला, त्याच्या येण्याजाण्याचे, राहण्याचे पैसे आम्ही भरले, दिवा बदलला. उतार तसाच. मग खापर आमच्या नव्या अॅनालिस्ट मुलीवर फुटलं. तिचं पिपेटिंग तपासलं, तिच्या नावावर फेरप्रशिक्षणाचा कागद चढला. ती दोन दिवस डबा न उघडता परत नेत होती. त्या कागदाचा राग मला अजून आहे.

त्याच आठवड्यात मी एकच स्टँडर्ड (माहीत असलेल्या मात्रेचं रायबोफ्लेविनचं द्रावण) दोन व्हायलमध्ये भरलं, एकीला फॉइल गुंडाळलं, दोन्ही ट्रेच्या शेवटी ठेवल्या. उघडी उतरली, गुंडाळलेली जागेवर राहिली.

रायबोफ्लेविन उजेडात फुटतं, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. फ्लास्क अंबर (तपकिरी काचेचे), खोलीत दिवे मंद, सगळं नीट. पण व्हायल साध्या काचेच्या, आणि ट्रेवरचं झाकण लख्ख पारदर्शक! चाळीस व्हायल, प्रत्येकीला तीन मिनिटं, म्हणजे शेवटची दोन तास उजेड खात बसते. आमची खिडकी पश्चिमेला. उजेडाने जे तयार होतं, त्यातलं लुमिक्रोम निळं चमकतं, ५३० ला त्याचा काही उपयोग नाही, म्हणून आकडा खाली.

म्हणून दिवा गेला हे मानलं होतं, ते मी मागे घेते, तो चांगला होता. काढलेला जपून ठेवलाय, सुटा म्हणून कामी येईल. स्टँडर्ड फक्त सुरुवातीला लावत होतो, ही चूक आमची. आता दर दहा व्हायलनंतर लावतो. अंबर व्हायल घेतल्या, महाग पडतात. पण उजेडाला नाजूक औषधांसाठी विकलेल्या यंत्राला पारदर्शक झाकण का? आतली सुई हलताना बघायला? सुई बघून कुणाचा अॅसे, म्हणजे मोजणीचा निकाल, सुधारला? काळं झाकण मागितलं तर ते वेगळी अॅक्सेसरी म्हणून कोटेशन आलं. एका प्लास्टिकच्या तुकड्याचे पैसे मी देणार नाही. एएमसीचं नूतनीकरण त्याच मुद्द्यावर अडवून ठेवलंय.

बाकी मशीनला पाचपैकी चार. घ्यायचं असेल तर डेमोला येताना रायबोफ्लेविनच मागा, आणि ट्रे भरून दोन तास थांबा. क्विनिनसारख्या दुसऱ्या चमकणाऱ्या पदार्थावर भागवू देऊ नका.

मुलीच्या फाइलला खऱ्या कारणाची नोंद जोडून घेतली. त्यावर पहिली सही मी केली.