स्टार ट्रेक बघायचंय, पण जुनं की नवं?

माझी भाची पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आटोपून नाशिकला गंगापूर रोडवर माझ्याकडे राहायला आली आणि पहिल्याच रात्री म्हणाली, "मावशी, मला स्टार ट्रेक बघायचंय. शेजारचे काका एक सांगतात, दादा दुसरंच सांगतो. कुठून सुरू करू?"

स्टार ट्रेक म्हणजे अंतराळयानांवरच्या माणसांच्या अमेरिकी टीव्ही मालिकांचा गोतावळा. काका ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. त्यांच्या लेखी २००५ साली 'एंटरप्राइज' मालिका बंद झाली आणि स्टार ट्रेक तिथेच संपलं. दादा म्हणजे माझा मुलगा. तो २०१७ च्या 'डिस्कव्हरी'पासून बघायला लागला आणि जुन्या मालिका त्याला रटाळ वाटतात. रविवारी दोघं मिसळीला एकत्र बसले की रस्सा गार होईपर्यंत वाद चालतो. माझा दोन्हींवर जीव आहे. पण भाचीला ठाम उत्तर हवं होतं, आणि तिच्यासारखे विचारणारे बरेच भेटतात.

आधी पसारा केवढा ते बघू. मूळ मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली, तीन सीझन आणि ७९ भाग. आमच्या पिढीने ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली. मग 'नेक्स्ट जनरेशन' (१९८७ ते १९९४, १७८ भाग), 'डीप स्पेस नाइन' (१९९३ ते १९९९, १७६ भाग), 'व्हॉयेजर' (१९९५ ते २००१, १७२ भाग) आणि शेवटी 'एंटरप्राइज'. हे जुनं. नव्यात 'डिस्कव्हरी'चे पाच सीझन मिळून ६५ भाग, 'पिकार्ड'चे ३०, 'लोअर डेक्स' या ॲनिमेशनचे ५०, आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स', जिचे पहिले तीन सीझन दहा-दहा भागांचे आहेत. २००९ पासूनचे तीन चित्रपट वेगळ्याच कालरेषेत घडतात. ते एखाद्या पावसाळी दुपारी बघ, ठरवताना मोजू नकोस.

आकड्यांतला हा फरक नीट बघितला तर अर्धं भांडण तिथेच कळतं. जुन्या मालिका अमेरिकेत स्थानिक वाहिन्यांना पुन्हा पुन्हा दाखवण्यासाठी विकल्या जायच्या. कुठला भाग कधी लागेल याचा नेम नसायचा, त्यामुळे प्रत्येक भाग आपापला पुरा व्हावा लागे. वर्षाला सव्वीस भाग म्हणजे काही सोन्यासारखे आणि काही निव्वळ भरतीचे. नव्या मालिका मासिक वर्गणीच्या ॲपसाठी बनल्या. प्रेक्षक पुढच्या आठवड्याला परत यायला हवा, म्हणून सीझनभर एकच कथा. आपल्याकडे दिवाळी अंकातली कथा आणि साप्ताहिकात 'क्रमशः' येणारी कादंबरी यांत जो फरक, तोच इथे. काकांना कथा आवडते, दादाला कादंबरी.

आता दोन्ही शेजारी ठेवून बघायचं तर विषय एकच हवा. तो मला सापडलाय: ज्यांची भाषा कळत नाही त्यांच्याशी बोलायचं कसं?

'नेक्स्ट जनरेशन'च्या पाचव्या सीझनमधला दुसरा भाग, 'दार्मॉक', १९९१ चा. टॅमेरियन या परग्रहवासी लोकांचे शब्द सगळे समजतात, वाक्यांचा अर्थ मात्र लागत नाही. कारण ते फक्त दाखले देऊन बोलतात. कुणाच्या तरी भिंती कोसळल्या म्हणायचं आणि त्याचा अर्थ अपयश. कुणीतरी हात पसरले म्हणायचं, त्याचा अर्थ घे, तुला दिलं. त्यांचा कप्तान आपल्या यानाच्या कप्तानाला, पिकार्डला, एका ग्रहावर उतरवतो आणि हातातल्या दोन खंजिरांपैकी एक त्याच्याकडे टाकतो. पिकार्डला वाटतं, लढायला बोलावतोय. खरं तर तो म्हणत असतो की त्या जुन्या गोष्टीतल्या दोघांसारखे आपण एकाच शत्रूशी एकत्र लढू. हे कळेपर्यंत तो कप्तान जखमी झालेला असतो. रात्री शेकोटीपाशी पिकार्ड त्याला गिल्गामेशची गोष्ट सांगतो, कारण गोष्ट हीच आता दोघांची भाषा झालेली असते. पंचेचाळीस मिनिटांत सगळं घडतं.

हा भाग नाशिककराला चटकन भिडतो, कारण पावसाळ्यात गोदावरीच्या पुराबद्दल आपण असेच बोलतो. दुतोंड्या मारुती ही नदीपात्रातली मूर्ती, नारोशंकर हे काठावरचं देऊळ. "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं" म्हटलं की गोदाकाठच्या माणसाला कळतं, दुकानातला माल वर चढवायला हवा. "नारोशंकराच्या घंटेपर्यंत गेलं" म्हटलं की पुढे विचारायचं काही उरत नाही. भाची पुण्याची, तिला यातला प्रत्येक शब्द समजतो, पण अर्थ सांगावा लागतो. शब्दकोश घेऊन बसलं तरी हे कळत नाही, एक पूर काठावर काढावा लागतो.

तोच विषय 'डिस्कव्हरी'ने चौथ्या सीझनमध्ये घेतला आणि त्याला तेरा भाग दिले. आकाशगंगेबाहेरून आलेली एक यंत्रणा वाटेतले ग्रह उद्ध्वस्त करत सुटते. बुक या नायकाचा अख्खा ग्रह जातो, त्याच्या डोळ्यांदेखत. ज्यांनी ती पाठवली त्यांना इथे कुणी राहतं याची जाणीवच नसते. त्यांची भाषा रसायनांची आणि प्रकाशाच्या नक्षीची. यानावरचे काही जण त्यांच्या ओसाड जुन्या ग्रहावर उतरतात तेव्हा तिथली धूळ अंगाला लागून एकेकाला अकारण भीती वाटायला लागते, आणि मग उमगतं की त्या लोकांची भावनाच धुळीत उरली आहे. तिकडे बुक बदल्याच्या वाटेवर निघालेला असतो, आणि कप्तान बर्नहॅम, जिचा त्याच्यावर जीव आहे, त्याला अडवायला निघते. 'दार्मॉक'मध्ये अर्थ लागण्याचा आनंद आहे. इथे त्याच्या जोडीला, अर्थ लागेपर्यंत गेलेल्यांचं काय, हा प्रश्न आहे, आणि तो पंचेचाळीस मिनिटांत मावला नसता. मधले तीन-चार भाग मात्र लांबवलेले आहेत. तिथे काका बरोबर आहेत.

काकांचे बाकीचे आक्षेप मी सरसकट मान्य करत नाही. क्लिंगॉन या परग्रहवासी योद्ध्यांचे चेहरे बदलले, म्हणतात. ते १९७९ च्या पहिल्या चित्रपटातही बदलले होते, कपाळावर उंचवटे तेव्हाच आले. (त्याच चित्रपटात डोक्याचा गोटा केलेली आपली मुंबईची पर्सिस खंबाटा आहे.) 'डिस्कव्हरी'त अंतराळभर पसरलेल्या बुरशीच्या जाळ्यातून यान चालतं हे त्यांना सहनच होत नाही. ते नारळीकरांच्या कथांवर वाढलेले, कथेतलं विज्ञान त्यांना निदान आतून सुसंगत हवं असतं. हा आग्रह मला आवडतो. पण माणसाला क्षणात यानातून ग्रहावर पोचवणारा ट्रान्सपोर्टर तरी कुठल्या विज्ञानातून आला? दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं, म्हणून तो जन्माला आला.

नव्या मालिकांमध्ये राजकारण फार, हा आक्षेप तर मला अजिबात पटत नाही. १९६६ मध्ये यानाच्या नियंत्रण कक्षात कृष्णवर्णीय उहुरा आणि आशियाई सुलू बसले होते. पुढच्याच वर्षी, ऐन शीतयुद्धात, रशियन चेकॉव्ह आला. जानेवारी १९६९ मधल्या एका भागात अर्धे काळे अर्धे पांढरे दोघे केवळ बाजू उलट म्हणून एकमेकांच्या जिवावर उठतात. 'डिस्कव्हरी'तला डॉक्टर आणि त्याचा इंजिनिअर नवरा हे त्याच रांगेतले आहेत.

पण काकांचं एक दुखणं खरं आहे, आणि ते मलाही लागतं. पिकार्डच्या यानावर बैठकीचं एक टेबल होतं. संकट आलं की तो सगळ्यांना तिथे बसवायचा, प्रत्येकाचं ऐकायचा, मग निर्णय सांगायचा. काका म्हणतात, त्यांनी कारखान्यातल्या बैठका तशा घ्यायचा प्रयत्न आयुष्यभर केला. 'डिस्कव्हरी'त जवळजवळ प्रत्येक निर्णय बर्नहॅमच्या मनातून निघतो आणि पाच सीझननंतरही तिच्या पुढ्यात बसून यान चालवणाऱ्या डेटमर आणि ओवोसेकून यांच्याबद्दल फारसं काही कळलेलं नसतं. 'पिकार्ड'च्या पहिल्या सीझनमध्ये फेडरेशनने, म्हणजे पृथ्वी ज्यात आहे त्या ग्रहांच्या संघाने, निर्वासित रोम्युलन परग्रहवासीयांकडे पाठ फिरवलेली दाखवली, तेव्हा काका दोन दिवस नीट बोलत नव्हते. ज्या जगाकडे बघून माणसं चांगलं वागायला शिकली, ते जग असं झालेलं बघणं सोपं नसतं.

दादाच्या बाजूनेही ठोस मुद्दे आहेत. मूळ मालिकेच्या १९६९ मधल्या शेवटच्या भागात स्टारफ्लीटच्या, म्हणजे फेडरेशनच्या यानदलाच्या, कप्तानांच्या जगात बायकांना जागा नाही असं सरळ म्हटलंय. जेनवे कप्तान म्हणून व्हॉयेजरवर यायला १९९५ उजाडलं. 'नेक्स्ट जनरेशन'चा पहिला सीझन तर मीही कुणाला सुचवत नाही. त्यातला कृष्णवर्णीयांच्या ग्रहाचा भाग आज बघवत नाही. आणि सलग कथा नव्यांनीच आणली असंही नाही: 'डीप स्पेस नाइन'च्या शेवटच्या आठ-दहा भागांची एकच कथा आहे, डोमिनियन या शत्रू साम्राज्याशी झालेल्या युद्धाच्या शेवटाची.

दोघं एकत्र बसून बघतात ती एकच नवी मालिका, 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'. तिच्यात दर भागाला नवी गोष्ट. कप्तान पाइक स्वतःच्या खोलीत स्वयंपाक करतो आणि सहकाऱ्यांना जेवायला बोलावतो. पिकार्डचं टेबल परत आलं, यावेळी ताटांसकट. तिसऱ्या सीझनमध्ये हसवण्याचा हात जरा सैल सुटलाय, पण पहिला सीझन निःशंक बघावा.

तर भाचीला मी दिलेला क्रम असा. आधी 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'चा पहिला सीझन, रोज रात्री एक, दहा दिवस. मग थेट 'नेक्स्ट जनरेशन'चा तिसरा सीझन. तिथून पाचव्यापर्यंत जा. जो भाग पहिल्या दहा मिनिटांत पकड घेत नाही तो खुशाल सोड, प्रत्येक भाग सुटा असल्याचा हाच फायदा. त्यानंतर 'डिस्कव्हरी', पण तिसऱ्या सीझनपासून. तिथे यान नऊशेहून जास्त वर्षं पुढे जातं आणि बुकही तिथेच पहिल्यांदा भेटतो, त्यामुळे नव्या माणसाला अडत नाही. पहिले दोन सीझन मागाहून. तुला एकाच माणसाच्या मनात आठवडेच्या आठवडे राहायला आवडत असेल, तर हा क्रम उलटा कर आणि 'डिस्कव्हरी'पासूनच लाग. दादा तसाच लागला आणि त्याचं काही बिघडलं नाही. 'पिकार्ड' मात्र शेवटी. त्याचा तिसरा सीझन जुन्या मंडळींना एकत्र आणतो, आणि ती मंडळी आधी आपली झालेली नसतील तर तो नुसता गोंधळ वाटेल.

एक व्यवहाराची गोष्ट. सुरू करण्याआधी हव्या त्या मालिकेचे सगळे सीझन तुझ्या ॲपवर आहेत का ते बघ. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिस्कव्हरी'चा चौथा सीझन एक-दोन दिवसांवर आलेला असताना मी बघत होते त्या ॲपवरून अख्खी मालिकाच निघून गेली, आणि पुढचे भाग बघायला मला कित्येक महिने थांबावं लागलं. जुन्याची काळजी नाही, काकांकडे डीव्हीडी आहेत. 'डीप स्पेस नाइन'च्या सातव्या सीझनची चौथी डिस्क अडकते. ती त्यांच्याच प्लेअरवर चालते, तेव्हा संध्याकाळी सातनंतर त्यांच्याकडे जा आणि जाताना चिवडा ने.