एकच शिक्षा की ज्याची त्याची वेगळी?

टोळीच्या वैमनस्यातून गोळीबार होतो, माणूस मरतो. एकाने पिस्तूल चालवलं, दुसरा गाडी चालू ठेवून बसला, तिसऱ्याने 'तो आत्ताच घराबाहेर पडलाय' एवढाच फोन केला. तिघेही खुनात दोषी ठरले, तर शिक्षा कशी द्यायची?

सरसकट सारखी शिक्षा देण्यामागचा विचार पोकळ नाही. फोन आला नसता तर नेम साधलाच नसता. शिवाय टोळीचे म्होरके स्वतः हत्याराला हात लावत नाहीत; शिक्षा हातापुरती मोजली तर तेच सुटतात.

तरीही मला भूमिकेनुसार शिक्षा जास्त न्याय्य वाटते. इंग्लंडमध्ये खुनाला जन्मठेप सक्तीचीच आहे, पण किमान किती वर्षं आत काढायची हे न्यायाधीश प्रत्येकासाठी वेगळं ठरवतात. बंदुकीने केलेल्या खुनात प्रौढासाठी मोजणी साधारण 30 वर्षांपासून सुरू होते. मग कट कोणी रचला, कोणाचं वय कोवळं, कोण धाकाखाली होता, यानुसार आकडा वरखाली होतो. म्हणजे कट रचणाऱ्याला गोळी झाडणाऱ्यापेक्षा जास्तही मिळू शकते!

फरकालाही मर्यादा हवीच. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने 1984 मध्ये म्हटलं, की साथीदारांच्या शिक्षेत इतकी तफावत नको की एकाला रास्तपणे अन्याय झाल्यासारखं वाटावं. माझ्या मते निकालपत्रात प्रत्येकाच्या वर्षांमागचं कारण स्वतंत्र लिहिलेलं असावं. मृताच्या घरच्यांनाही ते वाचता आलं पाहिजे.