गोष्टींतून विज्ञानाचे स्वरूप : शिक्षकांसाठीच्या एका कथासंचाविषयी

डिचोलीत विज्ञान शिक्षकांसाठी झालेल्या कार्यशाळेत हा कथासंच हाती आला आणि पुढे आठवीच्या वर्गात तो वापरून पाहिला. विज्ञानाच्या इतिहासातील खरे प्रसंग सांगून विज्ञान कसे चालते हे मुलांना दाखवणे हा त्याचा हेतू आहे आणि तो बहुतांशी साधला आहे. प्रत्येक गोष्ट उत्तराच्या अलीकडेच थांबते, त्या काळी जेवढे ठाऊक होते तेवढेच मुलांपुढे ठेवते आणि पुढे काय करून पाहावे, हे त्यांनाच विचारते. शोध, शास्त्रज्ञ आणि सन पाठ करण्याची सवय जडलेल्या मुलांना या थांब्यांची फार गरज होती.

संचातील सर्वांत सरस गोष्ट आहे १७५६ मध्ये आपल्या गोव्यातील कांदोळीत जन्मलेल्या, संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांची. पणजीतला त्यांचा पुतळा मुलांनी पाहिलेला असतो, पण त्यामागचा वैज्ञानिक वाद त्यांना ठाऊक नसतो. गोष्ट सुरू होते १७८४ च्या पॅरिसमध्ये. माणसांवर परिणाम करणारा एक अदृश्य चुंबकीय द्रव असतो, या मेस्मर नावाच्या वैद्यांच्या मताची चौकशी राजाने नेमलेल्या समितीकडे होती आणि तीत बेंजामिन फ्रँकलिन व रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. बागेतील एका झाडात तो द्रव भरण्यात आला आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला वेगवेगळ्या झाडांपाशी नेण्यात आले, तेव्हा तो भलत्याच झाडाजवळ बेशुद्ध पडला. येथे पहिला थांबा आहे. "म्हणजे सगळे खोटेच," असे वर्गाने एकमुखाने ठरवले, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण मग तो पडला कसा?" पुढचे पान नेमके हेच सांगते. द्रवाचे स्पष्टीकरण कोसळले तरी घडलेली गोष्ट उरतेच, आणि तिचे कारण समोरच्या माणसाच्या मनातच शोधायला हवे, अशी भूमिका फारिया यांनी पुढे पॅरिसमध्येच मांडली.

डॉक्टर झेमेलवाइस यांची गोष्ट मात्र निराश करते. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केल्यावर बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आले, हा भाग उत्तम रंगवला आहे. परंतु विरोध करणारे डॉक्टर निव्वळ हटवादी ठरवले आहेत. रोगजंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित झालेला नव्हता आणि झेमेलवाइस यांचा सविस्तर ग्रंथही १८६१ पर्यंत आला नव्हता, हे सांगितले असते तर पुरावा असूनही तो पटायला वेळ का लागतो, यावर मुलांना विचार करता आला असता.

गोष्टींची भाषा सोपी आहे, चित्रे सुमार आहेत. एका तासिकेत एक गोष्ट पुरी होत नाही, त्यामुळे जोडतास मिळत असेल तरच हा संच घ्यावा, आणि सुरुवात फारिया यांच्यापासून करावी.