जुनी जिप्सी घरी उघडून मेकॅनिकी शिकताना: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मारुतीची जिप्सी 1985 साली आली. शिडीसारखी चासी, चारही चाकांना कमानपाटे, म्हणून घरी शिकायला हिच्याइतकी सरळ गाडी मिळणं अवघड. माझी 1298 सीसीची, कार्ब्युरेटरवाली. आठ महिने चालवल्यावर मत पक्कं झालंय: इंजिनला हात लावण्याआधी पुढच्या ॲक्सलचं नकल (ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणारा सांधा) उघडा. बेअरिंग, सील, शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या), ब्रेक, स्टीअरिंग, सगळं तिथे एकाच जागी शिकायला मिळतं.

चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस कढीसारखं पातळ होऊन ओघळत असेल तर डिफरन्शियलचं (ॲक्सलमधल्या गिअरच्या गोळ्याचं) ऑइल आतल्या सीलमधून येऊन त्यात मिसळतंय. नुसता सील बदलला तर पुन्हा गळतो, कारण बरेचदा ब्रीदर (ॲक्सलमधली हवा बाहेर सोडणारी बारीक वाट) चिखलाने बुजलेला असतो. ऑइल तापलं की हवा फुगते, वर वाट नसली की ऑइल सीलच्या ओठातून बाहेर ढकलते. म्हणून आधी ब्रीदर काढून फुंकून बघा.

गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, जॅकच्या भरवशावर काम नको. ब्रेकचा कॅलिपर तारेने वर बांधा, ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) लोंबकळू देऊ नका. किंगपिन (नकल ज्यावर फिरतं त्या वरच्या-खालच्या पिना) काढताना वरचे शिम वरच्या पिनला, खालचे खालच्या पिनला बांधून ठेवा. मग बेअरिंगच्या रेसवरून (रोलर फिरतात त्या कड्यावरून) नख फिरवा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे रोलर एकाच जागी आपटून ओळीने खाचा पाडतात. स्टीअरिंग मधोमध अडकल्यासारखं वाटतं ते यामुळे.

नवीन बेअरिंग बसवल्यावर वायपर सील (नकलचा बाहेरचा सील) आणि टायरॉड (दोन्ही चाकं जोडणारा स्टीअरिंगचा दांडा) न लावता टायरॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नकल 1 ते 1.8 किलोला हललं पाहिजे. काट्यावर यापेक्षा कमी भरलं तर शिम कमी करा. ही पकड सैल असली की खड्ड्यावरून जाताच स्टीअरिंग थडथडतं, त्यावर लोक स्टीअरिंगचा डॅम्पर (धक्के शोषणारा दांडा) बदलतात. डॅम्पर दुखणं झाकतो, बरं करत नाही.

पुढच्या ॲक्सलला 2 लिटर गिअर ऑइल लागतं. पत्र्याचं काम शेवटी ठेवा. लोहचुंबक चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली समजा.

थडथड गेली ती गेलीच. उजवीकडे मात्र बारीक पाझर उरलाय, कारण जुन्या सीलने शाफ्टवर खाच पाडली आहे. तिथे सील दीड-दोन मिलिमीटर बाहेर बसवायचा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर टेकतो.