जांघेतल्या डागांचे औषध आणि माझे 19,850 रुपये

जांघेत उठलेल्या तपकिरी चट्ट्यांपायी मी आधी एका जडीबुटीच्या दुकानात 13,650 रुपये दिले आणि पंधरा दिवसांनी फोनवरून आणखी 6,200 रुपये पाठवले. पत्नीखेरीज घरात कोणालाही हे ठाऊक नाही, म्हणून मी माझे नाव देत नाही. मात्र रकमा आणि बोलणे जसे घडले तसेच देतो, कारण आपण लाजेने गप्प बसतो याच भरवशावर या टोळ्यांचा धंदा चालतो.

मी अडाणी माणूस नाही. एका पतसंस्थेत गेली एकोणीस वर्षे मी हिशेब तपासतो. रस्त्यात गाठून ‘माझ्या भावालाही हेच होते’ असे सांगत जडीबुटीच्या दुकानात नेणाऱ्या टोळ्यांच्या हकिगती मीही वाचल्या होत्या, परंतु त्या सगळ्या हकिगतींत समोरचा माणूस तोंडावरचे किंवा हातावरचे डाग पाहून बोलायला येतो. माझे डाग कपड्यांखाली होते. गेल्या जुलैत, पुण्यात, मेडिकलमधून खाजेची ट्यूब घेऊन मी बाहेर पडलो, तेव्हा पस्तिशीचा एक नीटनेटका माणूस जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, “दादा, राग मानू नका, पण या ट्यूबा लावून ते जाणार नाही. माझा सख्खा भाऊ तीन वर्षं यात होता.” न दाखवता त्याने ओळखले, म्हणजे त्याला यातले कळते, असे मला वाटले. प्रत्यक्षात तो काउंटरपाशी माझ्या पाठीशीच उभा होता आणि मी कुजबुजत सांगितलेला शब्द न् शब्द त्याने ऐकला होता. मेडिकलमध्ये अंगावरचे दुखणे सांगताना मागे कोण उभे आहे, हे आधी पाहा.

त्याने मला दोन गल्ल्या पलीकडच्या दुकानात नेले. तिथल्या ‘वैद्यां’नी नाडी पाहिली, डाग पाहायची तसदीही घेतली नाही आणि सांगितले, “आज हे तपकिरी आहे, सहा महिन्यांत पांढरं होईल. कोड झालं की मग हातात काही राहत नाही. घरात मुलगी आहे ना?” माझ्या मुलीचा या चट्ट्यांशी काय संबंध, हे विचारायचे भान मला त्या क्षणी राहिले नाही. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की जांघेतल्या बुरशीचे कधीही कोड होत नाही, आणि मुळात कोड हा संसर्गाने पसरणारा रोगच नाही. कोड बरे करण्याच्या औषधाची जाहिरात करायलाही 1954 च्या कायद्याने बंदी आहे. तरी त्या दुकानाच्या काचेवर ती मोठ्या अक्षरांत चिकटवलेली होती आणि ती पाहतच मी आत गेलो होतो.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की आजही अंगाचा तिळपापड होतो. कागदावर त्यांनी दहा तोळे मूळ, भाव 40, आणि दोन तोळे भस्म, भाव 380, असे लिहिले. वजन तोळ्यात लिहिले असल्यामुळे भावही तोळ्याचाच असणार, असे मी धरले. म्हणजे 400 आणि 760. मलमाच्या दोन डब्या 1,800 रुपयांच्या आणि कुटणावळ 250, एकूण 3,210. खिशात 3,500 रुपये होते, म्हणून मी मान हलवली. मी मान हलवताच त्यांनी मूळ आणि भस्म एकत्र करून यंत्रात टाकले आणि भुकटी झाल्यावरच बेरीज केली. भाव ग्रॅमचा होता! मुळाचे 4,000, भस्माचे 7,600, एकूण 13,650. आता कुटलेले परत घेता येत नाही, असे म्हणत दोघे जण दाराशी येऊन उभे राहिले. भाव कशाचा आहे, तोळ्याचा की ग्रॅमचा, एवढे एकच वाक्य मी यंत्र सुरू होण्याआधी विचारायला हवे होते. कार्यालयात दुसऱ्याच्या पावतीवर एकक लिहिलेले नसेल तर मी ती परत पाठवतो.

रोख 3,500 दिले आणि उरलेले 10,150 यूपीआयने पाठवले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर दुकानाचे नाव न येता कोणा खासगी व्यक्तीचे नाव आले, तेही मी पाहिले आणि तरीही पिन टाकला. बिल मागितले तेव्हा कोऱ्या चिठोऱ्यावर ‘13,650 मिळाले’ एवढेच लिहून मिळाले. बिल देत नसतील तर औषध तिथेच टाकून बाहेर पडा, आरडाओरडा झाला तरी चालेल.

पुन्हा 6,200 रुपये मी का पाठवले, असे पत्नीने विचारले होते. कारण मलमाने चौथ्या दिवशी खाज थांबली आणि लाली गेली. ज्याने दोन वर्षे खाजेपायी झोप गमावली आहे, त्याला हे कळेल. म्हणून फोनवर त्यांनी ‘रक्तशुद्धीचा दुसरा टप्पा’ सांगितला तेव्हा मी विश्वास ठेवला. ते पार्सल आलेच नाही. महिन्याभरात मात्र चट्टे मांडीपासून पार्श्वभागापर्यंत पसरले, एका कड्यात दुसरे कडे दिसू लागले आणि जांघेत जांभळट रेघा उमटल्या.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कपडे बाजूला करून नीट पाहिले, जे आजवर कोणी केले नव्हते, आणि त्वचा थोडी खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. शुल्क 600 आणि तपासणीचे 250 रुपये. 850 रुपयांत निदान झाले. तो साधा नायटा होता, आणि मलमाने बिघडला होता. डबीत काय होते हे तपासल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, परंतु इतका झटपट आराम आणि या रेघा पाहता त्यात तीव्र स्टेरॉइड असावे, असे त्यांचे मत पडले. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबते, त्याबरोबर त्वचेची प्रतिकारशक्तीही दाबते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. मी मेडिकलमधून आणत असलेल्या ट्यूबवरही क्लोबेटासॉल लिहिलेले निघाले. अशी अनेक स्टेरॉइड मलमे 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, पण मला ती ट्यूब कोणीही चिठ्ठी न मागता देत असे. हातातल्या ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती जांघेत लावू नका.

जांघेतला प्रत्येक डाग नायट्याचा नसतो, हेही त्यांनीच समजावले. कड उंचावलेली, मध्ये निवळलेली आणि खाजरी असेल तर बहुधा नायटा. ओलसर लाल भाग आणि भोवती सुट्या पुळ्या असतील तर कॅन्डिडा नावाची निराळी बुरशी, विशेषतः मधुमेह असलेल्यांना. सपाट, सगळीकडे सारखा तपकिरी आणि फारशी खाज नसलेला डाग कधी कधी जिवाणूंचा असतो. त्याला एरिथ्राझ्मा म्हणतात, वूड्स लॅम्प या अतिनील दिव्याच्या उजेडात तो पोवळ्यासारखा लाल चमकतो आणि त्याच्यावरचे औषध निराळे असते. त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळी झाली असेल तर मलमाआधी रक्तातली साखर तपासायची. हे सगळे नाडी पाहून कसे कळणार?

तक्रारीचे पुढे काय झाले ते ऐका. पोलीस चौकीत हवालदारांनी बाकावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “कुठं झालंय म्हणालात?” आणि मग, “तुम्ही स्वतःच्या हातानं पैसे दिलेत ना? मग फसवणूक कसली?” दुसऱ्या फेरीत त्यांनी औषध खात्याकडे पाठवले. त्या खात्यात सांगितले की डबीवर उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, काहीच नाही, म्हणजे कारवाई कोणावर करायची? नाव नसणे हाच तर गुन्हा आहे, असे मी म्हणालो, त्यावर अर्ज आवक खिडकीवर द्या, असे उत्तर मिळाले. आवक खिडकी जेवणाच्या सुट्टीमुळे बंद होती. ती उघडली तेव्हा अर्ज दोन प्रतींत हवा होता. बँकेत गेलो तर व्यवहार तुमच्या संमतीने झाला, हे वाक्य छापील पत्रावर मिळाले. तीन कार्यालयांत मिळून मी अकरा चकरा मारल्या, चार दिवस बिनपगारी रजा काढली, आणि प्रत्येक ठिकाणी मला आधी त्या जागेचे नाव पुन्हा उच्चारायला लावले. ज्यांचे काम त्या दुकानाला टाळे लावणे आहे, त्यांनी मलाच आरोपीसारखे उभे केले.

यूपीआयने पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. मी दीड महिन्याने केला, तोवर खाते रिकामे झाले होते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर ग्राहक आयोगात तक्रारीला शुल्क लागत नाही आणि बिल नसले तरी यूपीआयचा व्यवहार क्रमांक पुरावा म्हणून जोडता येतो. माझा अर्ज तिथे दाखल आहे.

सध्या बुरशीवरच्या इट्राकोनॅझोलच्या गोळ्या सहाव्या आठवड्यात आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या असतात. खाज थांबली म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. पत्नीलाही लागण झाली होती, तिचेही उपचार चालू आहेत, आणि दोघांचे टॉवेल आता वेगळे आहेत. रेघा फिकट होतील, पण पूर्ण जाणार नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. मलमाची उरलेली डबी मी कागदात गुंडाळून, वर तारीख घालून कपाटात ठेवली आहे. औषध खात्याने ती तपासणीसाठी अजून मागितलेली नाही.