यूव्ही फिल्टर पाच महिने वापरला, आधी पानं बघा

जूनमधे घेतलेला सेटअप. जुना मिररलेस कॅमेरा फुल स्पेक्ट्रम करून घेतला (सेन्सरवरची गाळणी काच काढली, म्हंजे यूव्ही, इन्फ्रारेड सगळंच टिपतो), त्याला एनलार्जरची, म्हंजे फिल्मवरून फोटो छापायच्या यंत्राची, 80 एमएम लेन्स आणि पुढं यूव्ही अडवणारा नाही, फक्त यूव्हीच आत सोडायला म्हणून झेडडब्ल्यूबी2 काचेचा फिल्टर. कॅमेरा चांगला चालायलाय. लिहायचंय ते फिल्टरबद्दल, कारण त्याच्यापायी माझा अख्खा पावसाळा वाया गेला.

सप्टेंबरपर्यंत जमेल त्या रविवारी म्हैसमाळला जाऊन तेरडा, कुर्डू, जे दिसंल ते काढलं. फुलं उजळ यायची, पानं त्याहून उजळ, मला वाटलं यूव्हीत असंच दिसत असंल. मग मामाच्या शेतात सूर्यफूल काढलं तर सगळं फूल एकसारखं पांढरं, पाकळ्यांच्या बुडाशी काळं पाहिजे ते नाहीच! तिथं ट्यूब पेटली. पानं यूव्ही शोषून घेतात, खऱ्या यूव्ही फोटोत ती काळीकुट्टच यायला पाहिजेत, पांढरी आली म्हंजे इन्फ्रारेड गळायलंय. ही काच 365 नॅनोमीटरला चांगला उजेड सोडते पण 700 च्या आसपास, म्हंजे इन्फ्रारेडकडंही सोडते, आणि उघड्या सेन्सरला तेवढं बास होतं. भर उन्हात 1/15 ला फोटो निघायचा म्हणून मी खूश होतो, तो सगळा इन्फ्रारेडचाच उजेड होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर तीन आठवडे एकच उत्तर, "सर सेटिंग चुकतंय तुमचं". पैसे परत नाहीच.

इथपर्यंत एकच स्टार देणार होतो. पण भारीतला फिल्टर परवडत नव्हता म्हणून इन्फ्रारेड अडवणारी क्यूबी39 ची 2 एमएम निळसर काच मागवून त्याच फिल्टरवर चढवली, आणि नोव्हेंबरात मामाचं रब्बीचं सूर्यफूल फुलावर आलं तेव्हा पुन्हा काढलं. पानं काळी! पाकळ्यांची टोकं उजळ, बुडाकडं काळं, मधला डोळा डबल मोठा. मामा स्क्रीन बघून म्हणले, "माशीला असं दिसतं व्हय? तरीच नीट मधात जाऊन बसती." माशीला यूव्हीसोबत निळं-हिरवंही दिसतं, पण खूण हीच.

आता आयएसओ 800, एफ/8 ला दोन सेकंद लागतात, वारं असलं की देठ काडीला दोऱ्यानं बांधावा लागतो. व्हाइट बॅलन्सला प्लंबरची टेफ्लॉन टेप पाच-सहा पदरी करून वापरतो, एकदम बरोबर येतं. फिल्टरला आता तीन स्टार, ते पण दुसऱ्या काचेमुळं. घेणार असाल तर पहिला फोटो पानाचा काढा, परत करायची मुदत संपायच्या आत.

शेत पुन्हा काढता आलं, म्हैसमाळचा तेरडा मात्र आता पुढच्या भाद्रपदातच.