चिनी नववर्ष की मध्यशरद उत्सव: पहिल्या भेटीसाठी काय निवडावे?

चिनी सणपरंपरा जवळून पाहण्याचा बेत आखणाऱ्यांच्या मनात बहुधा नववर्षच असते, आणि ते स्वाभाविक आहे. तो तिथला सर्वांत मोठा सण असून डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेशही केला. तरीही ज्यांची तिथे कोणाशी घरोब्याची ओळख नाही, त्यांनी पहिल्या भेटीसाठी आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा मध्यशरद उत्सव निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात येते आणि त्याचा गाभा घराच्या आत असतो. सरत्या वर्षाच्या रात्री सारे कुटुंब एकत्र जेवते. उत्तरेत करंजीसारखे दिसणारे, सारण भरून उकडलेले च्याओझ करतात, तर दक्षिणेत चिकट तांदळाच्या पिठाचा न्यन्काव. मुलांना लाल पाकिटातून पैसे दिले जातात. आमंत्रण नसलेल्या प्रवाशाला यातले काहीच दिसत नाही. त्याच्या वाट्याला येतात ती दारांच्या दोन्ही बाजूंना लावलेली लाल कागदावरची काव्ये. शिवाय या एका जेवणासाठी देशभरातले लोक गावी परतत असल्याने ४० दिवसांच्या ‘चुन्युन’ म्हणजे नववर्षाच्या प्रवासाच्या गर्दीच्या काळात रेल्वेची तिकिटे मिळणे कठीण होते, घरगुती खानावळी कित्येक दिवस बंद राहतात आणि फटाक्यांवर अनेक मोठ्या शहरांत बंदी आहे. या काळातच जायचे झाले, तर बीजिंगच्या दितान उद्यानातली जत्रा पाहावी, किंवा पंधराव्या दिवशीचा कंदील उत्सव साधावा.

मध्यशरद उत्सवातही कुटुंब एकत्र येते. पण चंद्र पाहायला माणसे बागांत, नदीकाठी आणि तळ्यांच्या काठांवर जमतात, त्यामुळे परक्या माणसालाही त्यात सहज मिसळता येते. हाँगकाँगमधल्या ताइ हांग या जुन्या वस्तीतला अग्निड्रॅगन तर आवर्जून पाहावा. १८८० मध्ये रोगाची साथ घालवण्यासाठी गावकऱ्यांनी सुरू केलेल्या या प्रथेत गवताचा सुमारे ६७ मीटर लांबीचा ड्रॅगन करतात, त्याच्या अंगभर पेटत्या उदबत्त्या खोचतात आणि वस्तीतली माणसे तो खांद्या-हातांवर पेलून अरुंद गल्ल्यांतून नाचवतात. धूर इतका दाट होतो, की डोळे चुरचुरतात आणि ड्रॅगनची शेपटी बराच वेळ दिसतच नाही. भारतीय पासपोर्टधारकांना अल्प मुक्कामासाठी हाँगकाँगला चीनचा व्हिसा लागत नाही, ऑनलाइन पूर्वनोंदणी मात्र करावी लागते. मुख्य भूमीवर जाणाऱ्यांनी मुक्काम थोडा लांबवावा, कारण पौर्णिमेनंतर तीन दिवसांनी पूर्व चीनमधल्या हायनिंग शहराजवळ च्यान्थांग नदीत समुद्राची भरती भिंतीसारखी उलटी चढत येते आणि ती पाहण्याची परंपरा शतकानुशतकांची आहे.

खाण्याच्या बाबतीत शाकाहारी वाचकांनी दोन्ही सणांत सावध राहावे. च्याओझमध्ये बहुधा डुकराचे मांस असते, आणि मध्यशरद उत्सवात खाल्ली जाणारी चंद्रपोळी (मूनकेक) गोड असली तरी कँटनी प्रकारात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक असतो, सूचौ शहराच्या पापुद्रेदार प्रकारात डुकराची चरबी असते. बौद्ध मठांशी जोडलेल्या शाकाहारी उपाहारगृहांतून घेतलेली पोळी अधिक भरवशाची.

तारखांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ही पौर्णिमा बहुतेक वर्षी भाद्रपदाची आणि काही वर्षी आश्विनाची असते. २०२५ मध्ये ती आणि आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला एकाच दिवशी आल्या. अशा वर्षी १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाची सुटी या सणाला जोडली जाते आणि गर्दी नववर्षाइतकीच वाढते, तेव्हा ते वर्ष टाळावे. २०२७ मध्ये नववर्ष ६ फेब्रुवारीला, तर मध्यशरद उत्सव १५ सप्टेंबरला, म्हणजे त्या सुटीच्या बराच आधी आहे. अडचण एवढीच, की तोवर आपल्याकडे गणपतींचे विसर्जन जेमतेम उरकलेले असेल, म्हणून ज्यांच्या घरी अनंत चतुर्दशीपर्यंत गणपती असतो त्यांनी विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी पंचांग पाहावे.